हंसाबेनचा बालविहार

वरळीच्या बीडीडी चाळीतून भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहायला आल्यावर सुचेताला सुरुवातीला शांततेचंच अप्रूप वाटलं. स्वतःचा ब्लॉक, घरात नळ, गॅलरीतून दिसणारी मिठागरं. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. मग शाळेला सुट्टी लागली आणि तिची सात वर्षांची मुलगी क्षितिजा दिवसभर गॅलरीच्या ग्रिलला लटकून राहू लागली. बिल्डिंगमधले निम्मे ब्लॉक अजून कुलूपबंद होते. तिच्या वयाचं कुणीच नव्हतं.

"आई, मी कुणाशी खेळू?" ती विचारायची.

चाळीत हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. दार उघडलं की पॅसेजमध्ये पोरंच पोरं. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की तिथेच गाणी, चित्रं, पाठांतर. मूल कुठे आहे हे आईला ठाऊक नसलं तरी कुणाला ना कुणाला ठाऊक असायचंच. इथे सुचेता दुपारी साड्यांना फॉल लावत बसायची आणि क्षितिजा फरशीवर बोटाने रेघोट्या ओढत राहायची. नवरा सुभाष सकाळी ऑफिसला जायचा तो अंधार पडल्यावर परत.

सुचेताने शोध सुरू केला. वाचनालयात फक्त पेपर वाचणारे म्हातारे होते. रुळांपलीकडे, पश्चिमेला कराटेचा क्लास होता, पण तिथे सगळे मुलगेच. चित्रकलेचे सर गावाला गेलेले. शाळेतला शिपाई तर हसलाच, "सुट्टीत कसले क्लास, बाई?" शेवटी पिठाच्या गिरणीत तिला एक पुठ्ठा टांगलेला दिसला. गुजरातीत काहीतरी लिहिलं होतं आणि कडेने फुलं काढली होती.

"बालविहार है," गिरणीवाल्याने वाचून सांगितलं. "गाना, हस्तकला, कहानी. दोपहर को. सिर्फ लड़की लोग के लिए. जेसल पार्क में, हंसाबेन के घर."

दुसऱ्याच दिवशी ती क्षितिजाला घेऊन गेली. खाडीच्या बाजूची शेवटची बिल्डिंग होती. हंसाबेनने दार उघडलं. चाळिशीची, गोरी, उजव्या खांद्यावर पदर घेतलेली बाई. सुचेता बोलत होती, पण हंसाबेनची नजर क्षितिजावरून हटत नव्हती.

"कितनी उमर?"

"सात."

"सात पूरे?"

"हां, अभी फरवरी में हुए."

हंसाबेनने क्षितिजाच्या खांद्याला धरून तिला अलगद वळवलं. एका बाजूची रिबीन सोडली, केस थोडे वर ओढले आणि पुन्हा बांधली. मग मागे सरून पाहिलं. "ऐसे अच्छा लगता है," ती म्हणाली.

आत चटईवर चारपाच मुली कागदाची फुलं करत होत्या. खिडकीजवळ पितळी कड्यांचा झोपाळा होता. त्यावर मात्र कुणी बसलं नव्हतं. मुली साऱ्या एकाच उंचीच्या, एकाच अंगलटीच्या. वयानुसार वर्ग असेल, असं सुचेताला वाटलं. फी विचारली तर हंसाबेनने हात हलवला. "बच्चे आते हैं तो घर घर लगता है, बेन."

क्षितिजा खूश होती. कागदाची फुलं घरी आली, कापसाचा ससा आला, गुजराती गाणी आली. मग हळूहळू बाकीचंही बदललं. दुधाला नाक मुरडणारी पोर गपचूप दूध पिऊ लागली. जिना धडाधड उतरायची, ती कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. ती डावखुरी होती. आता उजव्या हाताने जेवायला लागली, तेही न सांडता.

"बरं झालं," सुभाष म्हणाला. "शिस्त लागतेय पोरीला."

सुचेतालाही तसंच वाटलं. शेजारणीकडे तिने दोनदा कौतुकही केलं. फक्त एक गोष्ट तिला खुपत होती. क्षितिजा काम करताना नेहमी नाकातल्या नाकात गुणगुणायची, अगदी लहान असल्यापासून. ते गुणगुणणं कधी थांबलं ते सुचेताच्या लक्षातच आलं नव्हतं.

एका संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली. उत्तर आलं नाही. बाहेर येऊन पाहिलं तर क्षितिजा समोरच बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ.

"अगं, ऐकू येत नाही का?"

"मला बोलावलंस?" क्षितिजाने विचारलं. खोडी काढत नव्हती, खरंच विचारत होती.

सुचेता तिच्याजवळ बसली. "क्लासमध्ये मैत्रिणी झाल्या की नाही?"

"त्या आता येत नाहीत. मी एकटीच असते."

"का गं?"

"त्यांना जमलं नाही."

"काय जमलं नाही?"

क्षितिजाने फ्रॉकची घडी गुडघ्यावर नीट केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्षितिजाला सोडून सुचेता घरी आली, सुई हातात घेतली आणि तशीच ठेवली. चपला घालून ती पुन्हा जेसल पार्ककडे निघाली. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओहोटी होती, चिखलाचा उग्र वास येत होता. बिल्डिंगमध्ये शिरल्यावर तिला वरून झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकू आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

क्षितिजा झोपाळ्यावर बसली होती. अंगात सुचेताने कधी न पाहिलेला पिवळा फ्रॉक, नवा नाही, धुऊन धुऊन मऊ पडलेला. दोन वेण्या, कपाळावर बारीक टिकली. समोर एक टक्कल पडलेला गृहस्थ गुडघ्यांवर बसून तिच्या पायात सँडल चढवत होता. तो हंसाबेनचा नवरा, हरिश्चंद्रभाई. दुकान बंद करून जेवायला आलेला.

"पायल, आजे शुं शीखी?" तो विचारत होता.

"कविता शीखी, पप्पा," क्षितिजा म्हणाली.

सुचेताने दारातूनच हाक मारली, "क्षिती!"

मुलीने मान वळवली नाही.

"क्षिती, अगं इकडे बघ!"

तेव्हा ती वळली. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं तिने आईकडे पाहिलं. मग हंसाबेनकडे बघून सभ्य आवाजात विचारलं, "मम्मी, कोण आव्युं छे?"

हरिश्चंद्रभाईच्या हातातून सँडल खाली पडली. हंसाबेन मात्र हलली नाही. ती दोन्ही हात छातीशी धरून त्या मुलीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं निखळ सुख होतं की सुचेताला ओरडताही येईना. तिने पुढे होऊन क्षितिजाला कडेवर उचललं. सात वर्षांच्या मुलीचं ओझं तिला जाणवलंसुद्धा नाही.

जिन्यात हरिश्चंद्रभाई धापा टाकत मागून आला. हातात क्षितिजाचे कपडे होते. "बेन, माफ करो," तो म्हणाला. "हमारी पायल... दो साल हो गए. बुखार आया और चली गई. मैं हंसा को बोलता था, मत कर, मत कर. लेकिन मैं घर आता था, दरवाजा पायल खोलती थी. फिर मैंने भी बोलना छोड़ दिया."

सुचेताने कपडे घेतले. तिला रागही येत होता आणि त्या माणसाकडे बघवतही नव्हतं.

त्या रात्री सुभाष भांडायला निघाला होता, सुचेताने अडवलं. क्षितिजा बोलत नव्हती, रडतही नव्हती. सकाळी तिला घेऊन दोघं वरळीला गेली, सुचेताच्या मोठ्या बहिणीकडे, सुगंधाकडे. पॅसेजमध्ये लगोरी चालली होती. क्षितिजा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी चेंडू तिच्या पायाशी आला, आणि तिने तो डाव्या हाताने उचलून असा भिरकावला की थेट शेजारच्यांच्या तुळशीच्या डब्यावर आदळला. पोरं ओरडली, तीही ओरडली. सुगंधाने आत येऊन सांगितलं तेव्हा सुचेता कणीक तशीच टाकून धावली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सुचेताने बिल्डिंगमधल्या, मागच्या गल्लीतल्या बायकांना गाठलं आणि दर रविवारी संध्याकाळी खाली पार्किंगच्या जागेत मुलं जमवायला लागली. लंगडी, गाणी, पाठांतर. आया कट्ट्यावर बसायच्या, सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पावसाळा सरल्यावर एकदा क्षितिजाची वेणी घालताना सुचेताने धीर करून विचारलं, "त्या दिवशी मी हाक मारली, ती तुला ऐकू आली नव्हती का गं?"

"आली होती."

"मला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं ना. पण मी ओ दिली असती तर त्यांची पायल गेली असती." क्षितिजाने मांडीवरची रिबीन बोटाला गुंडाळली. "बाकीच्या मुली स्वतःच्या नावाला ओ द्यायच्या. मग त्यांना भिंतीकडे तोंड करून बसावं लागायचं, खूप वेळ. मला जमायचं."

सुचेताच्या हातात केसांची बट तशीच राहिली. हाकेला ओ न देणारी ती मुलगी तिला भुताने झपाटल्यासारखी वाटली होती. आत पोर जागीच होती, याची तिला आता जास्त भीती वाटली.

पुढच्या रविवारी खेळ रंगात आला असताना हंसाबेन गेटपाशी येऊन उभी राहिली. बरीच वाळली होती. सुचेता उठून तिच्याकडे गेली.

"सिर्फ देखूंगी," हंसाबेन म्हणाली. "दूर से."

सुचेताने वळून क्षितिजाकडे पाहिलं. मग वॉचमनची खुर्ची ओढून आणली आणि आपल्या जागेशेजारी ठेवली. "यहां बैठिए, मेरे पास," ती म्हणाली. "उधर नहीं."

हंसाबेन बसली. मुलं गोल धरून फिरत होती. क्षितिजा तिच्यासमोरून गेली, लगेच दुसऱ्यांदा गेली, आणि दोन्ही वेळा तिने दुसरीकडे पाहिलं. हंसाबेनचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. दिवे लागेपर्यंत सुचेता तिथून उठली नाही. तिने एक हात हंसाबेनच्या मनगटावर ठेवला होता. धीर द्यायला की धरून ठेवायला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.