नळीतला श्वास

गोदामाचं शटर अर्धं वर होतं आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध लाकडी चौथऱ्यावर एक गाडी उभी होती. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, पुढचं प्लास्टिकचं तोंड काढून टाकलेलं. एटीव्ही म्हणतात तिला. रस्ता संपतो तिथून पुढे, चिखलात आणि डोंगरात, ती चालते. तिच्या इंजिनातून दोन पारदर्शक नळ्या निघून पुढच्या रेडिएटरला जोडल्या होत्या. नळ्यांत हिरवं पाणी होतं आणि मागे दिवा लावलेला, त्यामुळे ते पाणी लखलखत होतं. रेडिएटरच्या मागे काळं कापड टांगलं होतं. इंजिन सुरू होतं, धूर एका पाइपाने बाहेर काढला होता. नळीतलं पाणी मात्र जागचं हलत नव्हतं.

"इंजिन म्हणजे देह," चौथऱ्यावरचा माणूस म्हणाला. "देह तयार आहे. आत कुणी नाही. हाक मारा, म्हणजे आपलं माणूस येईल."

गाडीसमोरच्या स्टुलावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

"बाळे," त्या म्हणाल्या. "ये गं. एकदा येऊन जा."

पाणी हललं नाही.

"ओठांनी नको, आई. काळजातून हाक मारा."

सासूबाई रडायला लागल्या. मागच्या बायकाही रडायला लागल्या. तो माणूस हात वर करून उभा राहिला. आणि मग एकाएकी नळीतलं पाणी धावलं. बुडबुडे एकामागोमाग एक पळत सुटले.

"आली!" गोदाम ओरडलं.

थोड्या वेळाने रेडिएटरच्या जाळीतून गरम हवेचा झोत आला. सासूबाईंनी डोळे मिटून त्याला गाल लावला. मी त्यांच्या पाठीशी उभा होतो. तो झोत माझ्याही तोंडावर आला. ऊबदार, जरासा गोडसर. मी बावन्न वर्षांचा माणूस, भर गर्दीत हुंदके देऊन रडलो.

ती गाडी माझ्या बायकोची होती.

ती पाणीपुरवठ्यात होती. डोंगरावरच्या टाक्या, व्हॉल्व्ह, मैलोन्‌मैल पाइप, सगळं तिच्याकडे. रोज सकाळी त्या गाडीवर बसून वर जायची आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत यायची. मी गाड्यांच्या सीट शिवतो. तिच्या गाडीची सीट मीच शिवलेली, दुहेरी टाक्याची. ती आजारी पडली आणि एका हिवाळ्यात गेली. त्यानंतर शेडमध्ये उभी असलेली ती गाडी मला बघवेना. समाचाराला आलेल्या एकाने "मी नेऊ का?" विचारलं. मी म्हटलं, ने बाबा.

नेणारा होता हाच, चौथऱ्यावरचा. पूर्वी लिलावात बोली पुकारायचा. लोक त्याला आता दादा म्हणत. मी मनात त्याला मखमली म्हणायचो, कारण आवाज तसा होता. उलटा हात फिरवला की खरखरीत. त्याने गावाला सांगितलं, या गाडीची मालकीण जाताना एक दार उघडं ठेवून गेली आहे, त्या दारातून कुणाचंही गेलेलं माणूस येऊ शकतं. म्हणजे माझी बायको अख्ख्या गावाच्या मेलेल्यांची दरवान होऊन बसली होती. जिवंत असती तर म्हणाली असती, याला पगार कोण देणार?

मखमलीचे नियमही होते. एका संध्याकाळी एकच हाक. "आत्म्यांची रांग लावायची नसते," तो म्हणायचा. थंडीच्या दिवसांत पाणी उशिरा हललं की हाक मारणारा कमी पडला. उन्हाळ्यात लवकर हललं की केवढी ती ओढ!

त्या रात्री घरी आल्यावर सासूबाईंनी जेवणाला हात लावला नाही. लेक गेल्यापासून त्या माझ्याकडेच राहत होत्या. त्यांना दुसरं कुणी नव्हतं, मलाही नव्हतं. पण एका घरात दोन माणसं असून घर रिकामं राहू शकतं, हे मला तेव्हा कळलं. त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या. मधल्या टेबलावर पाण्याचा तांब्या. दिवसाला चार वाक्यं व्हायची, त्यातली दोन औषधाबद्दल.

"जावईबापू," त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "तुमच्याही तोंडावर आला ना श्वास?"

"आला, आई."

"पुढच्या खेपेला दादा म्हणालेत, नळीलाच गाल लावा. म्हणजे आणखी जवळ."

मला सगळं माहीत होतं. माझ्या डोक्याला माहीत होतं, गालाला माहीत नव्हतं.

त्या पारदर्शक नळ्या माझ्या बायकोनेच बसवल्या होत्या. गाडी तापायची, आणि तिला संशय होता की कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या हिरव्या पाण्यात, हवा अडकली आहे. "पाणी घालून भागत नाही," ती म्हणायची. "पाइपात हवा बसली की ती जावयासारखी बसते. उठता उठत नाही." जुन्या काळ्या रबरी नळ्या काढून तिने बाजारातून पारदर्शक नळी आणली, कापून बसवली, आणि मला अंगणात ओढत नेलं.

"अहो, बघा. गाडी सुरू आहे, पण पाणी हलत नाही. का?"

"तू सांग."

"आत एक छोटं झाकण आहे. थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन थंड असेपर्यंत झाकण बंद. तापलं की मेण फुगतं आणि झाकण उघडतं. थांबा. थांबा जरा. कुठे चाललात? आत्ता!"

आणि पाणी धावलं होतं. ती टाळ्या वाजवून हसली होती, जणू आगगाडी आली. मग आणखी तापल्यावर पंखा आपोआप फिरायला लागला. हवा कुठे अडकते ते तिला दिसलं. "झालं काम," ती म्हणाली. "ही नळी लवकर काढायला हवी. ही गरम पाण्याची नाही. तापली की मऊ पडते, एक दिवस क्लिपपाशी सुटेल आणि कुणाला तरी भाजेल." रबरी नळ्या आणायच्या राहिल्या, कारण पुढच्याच आठवड्यात ती दवाखान्यात होती.

मी चौथऱ्याजवळ उभा असताना वरच्या नळीकडे बघितलं होतं. क्लिपच्या अलीकडे ती फुगली होती, आजारी माणसाच्या नसेसारखी. तिथेच सासूबाई गाल लावणार होत्या.

आता मी काय करावं? सांगितलं तर म्हाताऱ्या माणसाकडून लेक दुसऱ्यांदा काढून घ्यायची. न सांगितलं तर त्यांचं तोंड भाजू द्यायचं. आणि खरं बोलायचं तर मलाही तो झोत पुन्हा हवा होता. तो आठवडा मी शिवायला बसलो की टाके चुकायचे.

ठरलेल्या संध्याकाळी सासूबाई नवं पातळ नेसून निघाल्या. गोदामात पोचलो तेव्हा मी पुढे झालो.

"आज मी बसतो."

"जावईबापू, माझी पाळी आहे."

"आई, एवढं एकदा माझं ऐका."

मखमलीचा चेहरा उजळला. "नवऱ्याची हाक! या, या. याहून मोठी हाक कुठली?"

मी स्टूल मागे सरकवलं आणि नळीपासून दूर, उभाच राहिलो. इंजिन सुरू झालं. पाणी शांत. सगळे माझ्याकडे बघत होते. तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"अहो औषधवाले!" मी मोठ्याने हाक मारली. "या! काळजातून बोलावतोय, या!"

औषधाच्या दुकानाचे मालक तिसऱ्या रांगेत बसले होते. ते दचकून उठले. "मी? मी तर इथेच आहे!"

"बसून राहा. औषधवाले, या हो! खोकल्याची बाटली घेऊन या!"

कुणीतरी खुदकन हसलं. मखमली पुढे झाला. "ही थट्टा आहे. येणार नाहीत. अशा हाकेला कुणी येत नसतं."

"थांबा," मी म्हटलं. "थांबा जरा." माझ्याच तोंडून तिचे शब्द निघाले, आणि माझा आवाज फुटला. "आत्ता!"

पाणी धावलं. बुडबुडे पळत सुटले.

मखमली लिलावात मुरलेला गडी. क्षणात सावरला. "बघा! औषधवाल्यांचा आत्मा चंचल. क्षणभर देह सोडून इथे आला."

"असं?" औषधवाल्यांची बायको उभी राहिली. "मग माझ्या शेजारी बसलं होतं ते काय? आजपासून दोन ताटं वाढू का?"

मग जे हसणं सुटलं ते भिंतींवर आपटून परत आलं. त्या हसण्यात मी जाळीमागचं काळं कापड ओढून काढलं. मागे पंखा होता आणि तो तेव्हाच फिरायला लागला. "गाडीत हा पंखा हवा आत ओढतो," मी म्हटलं. "इथे तारा उलट्या जोडल्यात, म्हणून बाहेर फुंकतो. तापलेल्या रेडिएटरची हवा आहे ही. गोडसर वास कूलंटचा आहे. पाण्याला अडवणारं एक झाकण आत आहे, ते गरम झालं की उघडतं. ते हाकेने उघडत नाही. एकदा उघडलं की गाडी थंड होईपर्यंत मिटत नाही. म्हणून यांच्याकडे एका संध्याकाळी एकच हाक. यांना आत्म्यांची नाही, गाडी थंड व्हायची वाट बघावी लागते."

"बंद करा ती!" मखमली ओरडला. त्याच्या आवाजातली मखमल कुठल्या कुठे गेली होती. तो स्वतःच किल्लीकडे धावला, पण तेवढ्यात फट्‌ असा आवाज झाला. वरची नळी क्लिपपाशी सुटली. उकळतं हिरवं पाणी फवाऱ्यासारखं उडालं आणि स्टुलावर पडलं.

सगळे मागे हटले. स्टुलावरून वाफ निघत होती. सासूबाई त्या वाफेकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून, माझ्याशी एक शब्दही न बोलता, एकट्या घरी चालत गेल्या.

मखमलीने दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. गाडी मी परत आणली. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. औषधाची वाक्यंही बंद झाली. मी त्यांना दोष देत नव्हतो. मी त्यांची लेक नेली होती आणि बदल्यात फक्त एक स्टूल दाखवलं होतं.

मी रबरी नळ्या आणल्या. काळ्या, जाड, ज्यातून काहीही दिसत नाही अशा. अंगणात बसून जुनी नळी सोडवत होतो, तेव्हा दारात सावली पडली.

"तिने तुम्हाला इथेच दाखवलं होतं का?"

"हो, आई. इथेच."

"कसं सांगितलं होतं? तिच्या बोलीत सांगा. तुमच्या नको."

मी सांगितलं. हवा जावयासारखी बसते, तेही सांगितलं. त्यावर त्या हसल्या, आणि रडल्या. पोटातलं मेण, झाकण, थांबा जरा, आत्ता. मेण कुठलं, किती तापलं की फुगतं, असं विचारत राहिल्या. जेवढं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. बाकीचं तिलाच ठाऊक होतं.

माझी बायको नळीत नाही, पंख्यात नाही. ती गेली. हे मला रोज सकाळी नव्याने कळतं, आणि त्यावर कुठल्याही दादाकडे औषध नाही. दुःख झालेल्या माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही. त्याच्या गालाला ऊब दिली की पुरतं. म्हणून कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर कापडामागे बघा. तेच पुन्हा करून बघा, वेगळी हाक मारून बघा. आणि हाक मारायचीच असेल तर जिवंत माणसाला मारा.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला. दोन ताटं मांडली आणि बंद दाराकडे बघून हाक मारली, "आई."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

"आले," आतून आवाज आला.