बाकाखालची नळी

मित्रांनो, एकोणीसशे शहाऐंशी सालाची गोष्ट आठवली, की आजही माझ्या फळ्या थरारतात.

मी एक जुनी, दोन शिडांची सागवानी होडी आहे. खाडीकाठच्या छपराखाली एका सुताराने मला घडवले, तेव्हा येणारेजाणारे थांबून माझ्या अंगावरून हात फिरवत. पुढे मी काका-काकूंची झाले. काकूंचा हात सुकाणूवर, तर काकांचा कायम रंगाच्या ब्रशवर. कुठे डाग दिसला, की काका त्यावर पांढरा रंग फासत. मी कशी चकाचक दिसत असे! फक्त माझ्या पोटात संडासाचा वास कोंडलेला असायचा.

त्या साली काकूंच्या आईने, म्हणजे आजींनी, थोरल्या लेकीला भेटायचा ध्यास घेतला. लेक दूरच्या बेटावर राहत होती. तिकडे पोहोचायला दोन दिवस लागत. तेवढा वेळ संडासावाचून आजींचे निभणार नव्हते, आणि माझ्या संडासात तर पाय ठेववत नव्हता. वाऱ्याचा मोसम संपत आला होता. आता निघालो नाही, तर गोष्ट पुढच्या वर्षावर जाणार होती, आणि आजींना पुढच्या वर्षाचा भरवसा वाटत नव्हता.

काकांनी सवयीने रंगाचा डबा उघडला. आजी धक्क्यावरूनच म्हणाल्या, "जावईबापू, वासाला रंग लागतो का हो?"

काकूंना हसू फुटले. त्यांनी सरळ बाकाची फळी उचलली. खालून संडासाची जाड नळी मैल्याच्या टाकीकडे जात होती. दिसायला अगदी कोरडी. काकूंनी गरम पाण्यात फडके पिळून तिच्याभोवती गुंडाळले, गार झाल्यावर हुंगले आणि काकांच्या नाकाशी नेले. काकांचे डोळेच पांढरे झाले. वास नळीच्या अंगातच मुरला होता! टाकीजवळचा रंग खरवडल्यावर तर नवलच दिसले. नळी आवळणारी पट्टी गंजून केव्हाच तुटली होती. सांधा धरून ठेवला होता तो काकांच्या रंगाच्या थरांनी, आणि त्यांच्या भेगांतून मैला झिरपत होता.

मग काय धांदल उडाली म्हणून सांगू! टाकी रिकामी झाली. नळी कापताना तिच्यात उरलेले पाणी नेमके काकांच्या दाढीवर उडाले. "आता तिलाही रंगाचा एक हात मारा," आजी म्हणाल्या. नवी नळी भारी ताठर. तिचे टोक गरम पाण्यात मऊ करून, साबण लावून, दोघांनी दात-ओठ खात ते बसवले. दोन्ही टोकांना न गंजणाऱ्या दोन दोन पट्ट्या आवळल्या. सांध्यांवर पांढरा कागद गुंडाळला आणि नीळ घातलेले पाणी संडासाच्या हातपंपाने नळीतून जोरात ढकलले. माझा तर जीव टांगणीला लागला! एक निळा ठिपका उमटला असता, तरी आजींचे जाणे राहिले असते.

काकूंनी कागद सोडला. कोराच्या कोरा!

आजी आत शिरल्या, दार लावले, पंप खडखडला. बाहेर येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "माझी पिशवी आणा."

काका पुन्हा ब्रश शोधू लागले, तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला. "पट्ट्या उघड्याच राहू देत. मला दिसल्या पाहिजेत."

आणि आम्ही निघालो! शिडे फुगली, मी लाटांवरून नुसती पळत सुटले. बेटाशी पोहोचलो, तर थोरली लेक कमरेएवढ्या पाण्यात चालत आली. आजींनी तिला वरूनच दटावले, आणि मग दोघी कितीतरी वेळ हात धरून उभ्या राहिल्या.

आजी परत आल्याच नाहीत. लेकीकडेच रमल्या आणि पुढचे तीन मोसम पाहून तिथेच देवाघरी गेल्या. थोरली अजून बेटावर आहे. काका जाऊन बरीच वर्षे झाली; शेवटपर्यंत ते दर महिन्याला फळी उचलून आधी हुंगत आणि मगच रंगाचा डबा उघडत. काकूंचे गुडघे आता साथ देत नाहीत. मी किनाऱ्यावर ओंडक्यांवर टेकले आहे, अंगावर ताडपत्री आहे, आणि माझ्याकडे क्वचितच कुणी फिरकते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी जुने असेल. त्याला वरून पुसता, सजवता, ते छानच. पण कधीतरी नाक न मुरडता त्याची फळीही उचला, आत काय बिघडले आहे ते पाहा. कुणाला तरी लेकीकडे जायचे असते.