तात्यांची बाही

तात्यांच्या जावयाने जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यात शेवटची कॅसेट सरकवली आणि झाकण अंगठ्याने दाबून धरलं. टेबलावरच्या हार्ड डिस्कचा निळा दिवा लुकलुकायला लागेपर्यंत त्याने अंगठा काढला नाही. कॅमेरा आता म्हातारा झाला होता आणि म्हाताऱ्यांसारखाच कशावरूनही रुसायचा.

"किती वेळ लागेल?" बायकोने विचारलं.

"तासाची कॅसेट, तासभर लागणार. चालवूनच उतरवावी लागते गं. पुढे पळवता येत नाही."

ती कापड बेतायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. बाजूला वकिलांचं कोटाचं कापड तसंच घडीत पडलं होतं. कोट शिवायचा की कापड परत करायचं, हे तिने आज कळवायचं कबूल केलं होतं. तात्यांचा उजवा हात लुळा पडल्यापासून दुकानात नुसते शर्ट शिवले जात होते. इतर सगळं तिला येत होतं. घोडं अडलं होतं बाहीपाशी. मुंढ्यापेक्षा, म्हणजे कोटाला बाही जोडायच्या भोकापेक्षा, बाहीचा घेर जास्त असतो आणि तो जास्तीचा घोळ टाक्याटाक्याने जिरवावा लागतो. तात्यांच्या कोटाच्या खांद्यावर सुरकुती शोधूनही सापडायची नाही. कसं जमतं, असं विचारलं तर ते म्हणायचे, "हाताला विचार." आता विचारायची सोय राहिली नव्हती. ते खुर्चीत बसून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते, आणि एकेक शब्द त्यांना ओढून आणावा लागत होता.

कॉलर, खिसे, अस्तर, सगळं आधीच्या कॅसेटींतून नीट उतरलं होतं. ही बाहीची.

पडद्यावर आधी जावयाचं नाक आलं, मग त्याचा आवाज.

"तात्या, तयार? करतो हं चालू."

आणि चित्र तुटलं. पुढच्याच क्षणी पुन्हा त्याचाच आवाज आला, "वा, तात्या! झकास. केलं बंद."

टेबलावर बाही लावून झालेला कोट पडला होता.

जावयाने कपाळावर हात मारून घेतला. "बटण आधीच दाबलं गेलं होतं. मग सगळंच उलटं झालं. चालू करायला गेलो तेव्हा बंद झालं, आणि बंद करायला गेलो तेव्हा..."

"म्हणजे बाही नाहीच?"

तिला रडू येईलसं वाटलं. तिने वकिलांच्या कापडाची घडी उगाच सारखी केली.

पडद्यावर ती आणि नवरा चहाला बाहेर गेले. स्टँडवरचा कॅमेरा मात्र बघत राहिला. तात्या एकटेच होते. त्यांनी कोट उचलून उजेडात धरला, खांद्यावरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. दाराकडे एकदा बघून घेतलं. मग कातरीच्या टोकाने बाही उसवायला घेतली.

"अगं बाई," ती पुटपुटली. तात्या उसवतात हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

बाही सुटली. तात्या उठले आणि खुंटीवरून एक निळा कोट काढून आणला. तो तिने शिवलेला होता, पहिलाच, अजून कच्च्या टाक्यांतला. तिने त्याची बाही खांद्याच्या माथ्यापासून सुरू करून दोन्ही अंगांनी खाली आणली होती, आणि तात्या चारचौघांत म्हणाले होते, "बाही काखेतून वर चढवतात. हे उलटं काम कुठून शिकलीस?"

पडद्यावरच्या तात्यांनी निळ्या कोटाच्या खांद्यात मूठ घातली आणि टाक्यांवरून नखाने हळूहळू खाली गेले. एकदा, पुन्हा एकदा. मग स्वतःचा कोट पुढ्यात ओढला, सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका खांद्याच्या माथ्यावर घातला.

ती बघत राहिली. गावभर नाव झालेला माणूस, कोणी बघत नसताना, लेकीचं बघून नव्याने शिकत होता. तिला आपल्या बापाचा इतका अभिमान आजवर वाटला नव्हता. डोळे भरून आले.

खुर्चीतले तात्या अस्वस्थ झाले. ओठ बराच वेळ हलत राहिले. दोघंही थांबली.

"हे... बंद... होतं ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं, तात्या," जावई म्हणाला.

तात्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. मग त्यांनी मान फिरवून भिंतीकडे बघितलं, चोरी पकडली गेल्यासारखं.

"याच्या दोन प्रती कर," ती नवऱ्याला म्हणाली. डोळे पुसून तिने फोन लावला.

"वकीलसाहेब, उद्या माप द्यायला या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने तात्यांकडे बघितलं. ते ऐकत होते.

"नाही, तात्या नाही. मी शिवणार आहे."