मास्टरांचा अंगठा

सकाळी आठ वाजता ड्रेसिंगच्या खोलीत चिमटे अठरा, ब्लेड बावीस, गॉजची पाकिटं एकशे चाळीस, सलाईनच्या बाटल्या सहा आणि टॅब एक होता. सिस्टरने सगळं मोजून वहीत लिहिलं. एकोणीस वर्षं ती ही खोली सांभाळत होती आणि मोजल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा तिचा शिरस्ता होता. आजच्या यादीत पेशंट अकरा, जखमा तेरा. चार नावांपुढे टॅबवर लाल पट्टी होती, त्यात सातवं नावही. ते नाव टेलर मास्टरांचं होतं.

टॅब येऊन चार महिने झाले होते. जखमेशेजारी दोन सेंटिमीटरचा निळा चौकोनी स्टिकर लावायचा आणि फोटो काढायचा. हजारो जखमा पाहून शिकलेला आतला प्रोग्राम जखमेची कड स्वतः ओळखायचा आणि क्षेत्रफळ सांगायचा. आधी सिस्टर हे काम पट्टीने करायची, लांबी गुणिले रुंदी; पण जखमा काही चौकोनी नसतात. त्यामुळे टॅबवर तिचा राग नव्हता. उलट, एका आजीच्या टाचेखालची फिकट लाली तिच्या नजरेतून सुटली होती ती यानेच दाखवली, हे ती मोकळेपणाने सगळ्यांना सांगायची.

मास्टरांच्या बाबतीत मात्र तिचं आणि टॅबचं जमेना. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली मधुमेहाची जखम. पहिल्या आठवड्यात ४.२ चौरस सेंटिमीटर, दुसऱ्यात ३.९, तिसऱ्यात ४.६, चौथ्यात ५.०. चार आठवड्यांत जखम आटायच्या ऐवजी वाढली, म्हणून टॅबने लाल पट्टी दिली आणि ती आपोआप सर्जनच्या फोनवर गेली. शुक्रवारी अंगठा काढायचं ठरलं.

सिस्टर तेव्हाच सर्जन सरांच्या खोलीत गेली होती.

"सर, जखमेचा तळ लालचुटूक आहे. वास नाही. मला ती भरतेय असं वाटतं."

"एक्स-रेत हाड अजून स्वच्छ आहे, म्हणून तर आत्ताच काढू म्हणतोय," सर म्हणाले. ते चिडके नव्हते, फक्त थकलेले होते. "हाडात शिरलं तर एका अंगठ्यावर भागायचं नाही. तुम्हाला वाटतं ते मी ऐकलं, सिस्टर. पण वाटणं फाइलच्या कुठल्या रकान्यात लिहू? आकडा आणा, शुक्रवार मी पुढे ढकलतो."

आकडा कुठून आणायचा, हे काही तिला सुचलं नव्हतं.

पावणेअकराला मास्टर आले. गळ्यात मोजायची टेप. ती घरी काढून ठेवायचं त्यांच्या कधी लक्षातच राहत नसे. मागोमाग पिशवी सांभाळत त्यांची बायको, वहिनी.

"काय म्हणतो तुमचा मुकादम?" खुर्चीत बसता बसता मास्टरांनी टॅबकडे हनुवटी उडवली.

"अजून विचारलं नाही त्याला. पाय वर घ्या."

"विचारूच नका. गेल्या सोमवारी विचारलंत, तर त्याने थेट अंगठाच मागितला."

"बघा," वहिनी म्हणाल्या, "पायाला जखम झाली, पण जिभेला काही होत नाही यांच्या."

"अगं, पायडल जिभेने मारता आलं असतं तर दोन मशीन चालवली असती मी." मास्टर हसले, पण हसू लगेच विरलं. "सिस्टर, खरं सांगू? दहा बोटांत पोट भरणारं हे एकच आहे. पायडलला पहिला रेटा अंगठ्याचा लागतो. हा गेला तर मी बसून बटणंच लावायची."

सिस्टरने पट्टी सोडली, सलाईनने जखम धुतली. जखमेभोवती पिवळट, कडक घट्टा चढला होता. तिने ब्लेड हातात घेतलं. मास्टरांना या पायात काही जाणवत नसे, त्यामुळे ते दर वेळी न्हाव्याकडे बसल्यासारखे निवांत बघत राहत.

"सिस्टर, एक विचारू? धंद्यातली गोष्ट आहे."

"विचारा."

"हा कडेचा भाग तुम्ही आधी छाटता आणि मग माप घेता. दर वेळी?"

"दर वेळी. घट्टा जखमेवर छपरासारखा येतो. तो सोलल्याशिवाय खरी जखम दिसत नाही."

"मग पहिल्या दोन वेळेला त्या धाकट्या सिस्टरनी आधी फोटो का काढला? तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा. आधी फोटो, मग छाटणी."

सिस्टरचा हात थांबला. "आधी?"

"आधी. आता बघा, कोरं सुती कापड धुण्याआधी मापलं तर एक माप, धुतल्यावर मापलं तर दुसरं. मी कोऱ्यावर अंग बेतलं आणि धुतलेल्यावर बाही, तर गिऱ्हाईक हीच टेप माझ्या गळ्याभोवती आवळेल."

सिस्टरने ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं. मग स्टिकर लावला आणि घट्टा तसाच ठेवून फोटो काढला. टॅबने कड आखली. ३.३.

तिने ब्लेड उचललं, नेहमीपेक्षा सावकाश, कडेकडेने घट्टा सोलला. छपराखाली झाकलेली जखम उघडी पडली. दुसरा फोटो. ४.५.

तीच जखम, तेच सोमवारचे पावणेअकरा-अकरा, आणि फरक एक पूर्णांक दोन दशांशाचा.

तिने शेजारच्या वॉर्डात धाकट्या सिस्टरला फोन लावला. "फोटो तू सोलण्याआधी काढतेस का गं?"

"आधीच ना! आली तशी जखम दाखवायची असते. का, तुम्ही नंतर काढता?"

चार महिने दोघी एकाच टॅबवर काम करत होत्या. आपली पद्धत सोडून दुसरी काही असू शकते, हे दोघींच्या मनातही आलं नव्हतं. प्रत्येक फोटोखाली टॅबने 'टीप' लिहायला जागा ठेवली होती. सिस्टरने मागचे सगळे फोटो उघडून पाहिले. टिपा शून्य.

तिने स्टूल ओढलं आणि मास्टरांच्या सहाही फोटोंखाली टीप लिहिली. तीन सोलण्याआधीचे, तीन नंतरचे. टॅब दोन-तीन सेकंद घुटमळला, जुनी चढती रेघ पुसली आणि तिच्या जागी दोन रेघा काढल्या. सोलण्याआधीच्या फोटोंची रेघ ४.२ वरून ३.९ आणि मग ३.३ वर उतरत होती. लाल पट्टी जाऊन पिवळी आली.

"भरतेय," सिस्टर म्हणाली. एवढ्या मोठ्याने म्हणाली, की वहिनींनी दचकून पिशवी छातीशी धरली.

"म्हणजे मुकादम चुकला?" मास्टर खूश झाले.

"तो नाही चुकला, आम्ही चुकलो. त्याला आम्ही एकदा कोरं कापड दिलं, एकदा धुतलेलं. पण थांबा, खाली अजून काहीतरी लिहिलंय त्याने." ती वाचू लागली. "सोलल्यानंतरच्या फोटोंमध्ये चौथ्या आठवड्यात वाढ दिसते. त्या आठवड्यात जखमेवर दाब आला असण्याची शक्यता आहे. पेशंटला विचारा."

मास्टर छताचा पंखा बघू लागले.

"विचारते मग. मास्टर, चौथ्या आठवड्यात काय केलंत?"

"काय करणार? पडून होतो."

"हो, पडून!" वहिनींना आता राहवेना. "शाळेचे अठ्ठेचाळीस शर्ट काय आपोआप शिवले गेले? मी भाजीला बाहेर पडले की मशीनचा आवाज सुरू. मी जिना चढले की बंद. मला वाटायचं, कान वाजतात माझे!"

"अगं, शाळा उघडणार होती. पोरं काय उघडी पाठवायची?"

"लेकीने मोटर आणून दिलीय, सिस्टर, मशीनला लावायला. दोन महिने झाले. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा काढली नाही."

"मोटरवर कापड पळतं," मास्टर पुटपुटले. "पायडलवर चालतं." मग टॅबकडे वळून म्हणाले, "चहाडखोर आहे तुमचा मुकादम."

दुपारपर्यंत सिस्टरने यादीतल्या बाकी तीन लाल पट्ट्यांच्या टिपाही भरल्या. एक पिवळी झाली. दोन लालच राहिल्या, त्या दोन्ही पेशंटना तिने त्याच दिवशी सरांकडे पाठवलं. मग मास्टरांची फाइल घेऊन स्वतः गेली.

सरांनी दोन्ही रेघा पाहिल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आणि हे कोणाच्या लक्षात आलं?"

"पेशंटच्या, सर. टेलर आहेत."

"वा. आपण एवढी सगळी माणसं, आणि माप टेलरला कळलं." ते हसले, पण लेखणी हातातच राहिली. "सिस्टर, भरतेय हे मान्य. पण हळू भरतेय. शुक्रवार रद्द नाही, फक्त पुढे ढकलतो. चार आठवडे देतो. आता खरी जखम कुठली धरायची?"

"सोलल्यानंतरची."

"म्हणजे ४.५. निम्म्यावर यायला हवी. २.२५ किंवा कमी. वर राहिली तर अंगठा काढायचा, मग मला कोणी काही सांगायचं नाही. आणि पायडल बंद."

चार आठवडे गेले. टॅबवर 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन सूचना देणारी कागदी चिठ्ठी सिस्टरने चिकटवली. धाकट्या सिस्टरने तिच्याखाली 'टीप विसरू नये' असं लाल पेनाने लिहिलं. वहिनींनी मशीनचं पायडल काढून पलंगाखाली सरकवलं आणि त्यावर गाद्या रचल्या. मोटरवरच्या पहिल्या शर्टाची बाही तिरकी झाली, दुसऱ्याची थोडी कमी. मास्टर आता तळाला मऊ गादी असलेली जाडजूड सँडल घालून यायचे आणि त्या सँडलची शिलाई कच्ची आहे, असं भेटेल त्याला सांगायचे.

नवव्या सोमवारी सर स्वतः ड्रेसिंगच्या खोलीत आले आणि दाराला टेकून उभे राहिले. सिस्टरने पट्टी सोडली. स्टिकर लावला, आधीचा फोटो काढला, आकडा न बघताच बटण दाबून जतन केला. मग ब्लेड घेतलं. घट्टा या वेळी पातळ होता.

"नजरेने सांगू का?" मास्टर म्हणाले. "चाळीस वर्षांची नजर आहे."

"गप्प बसा हो," वहिनी म्हणाल्या.

"सांगा, सांगा," सर म्हणाले.

मास्टर पुढे वाकले, गळ्यातल्या टेपचं टोक बोटांत धरून जखमेकडे बघत राहिले. "दोनच्या आसपास."

सिस्टरने शेवटची कड सोलली, सलाईनने धुतली, कोरडी केली. निळा स्टिकर सरळ बसवला. दुसरा फोटो काढला. टॅबने जखमेभोवती हिरवी रेघ फिरवली आणि ती जिथून निघाली होती तिथे येऊन मिळाली. सिस्टरने टीप लिहिली, 'सोलल्यानंतर', आणि आकडा मोठ्याने वाचला.

दोन पूर्णांक एक चौरस सेंटिमीटर.