रक्तात दाणे पडले नाहीत

सोयराबाईंची पोटरी दुधीभोपळ्यासारखी सुजली, तेव्हा सून रक्षिता त्यांना ऑटोत घालून जे. पी. नगरच्या दवाखान्यात घेऊन आली.

डॉक्टर पद्मावतींनी पाय चाचपला. "शिरेत रक्ताची गाठ असेल तर ती छातीकडे सरकते. पूर्वी सरळ मोठ्या इस्पितळात धाडायचो. आता ही नवी तपासणी आलीय. इथंच कळतं."

बोटाला टोचलं. पांढऱ्या तबकडीवर रक्ताचा थेंब, त्यात औषधाचा थेंब. डॉक्टर काडीने ढवळू लागल्या. "दूध फाटल्यासारखे दाणे पडले, तर गाठीचा संशय. नाही पडले, तर बहुतेक गाठ नाही."

रक्षिता तबकडीवर डोळे लावून उभी. पडू देत दाणे, आई यल्लम्मा, पडू देत. मनात आलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. सासूच्या रक्तात ती आजार मागत होती. गाठ असली तर सगळा दोष गाठीचा.

घरची रीत होती, दिवेलागणीनंतर सुनेने सासूचे पाय चेपायचे. गारमेंट कारखान्यातल्या नोकरीला सासू, तिच्या आत्याबाई, 'नको' म्हणाल्या, तेव्हापासून रक्षिताचे अंगठे बोलू लागले. तोंडातून हूं नाही की चूं नाही, सगळा राग पोटरीत. "स्वल्प हळू गं," म्हातारी म्हणायची. रक्षिताला ऐकू यायचं नाही. म्हणजे, यायचं.

थेंब गुळगुळीतच राहिला, कालवलेल्या कुंकवासारखा.

"सरी, ठीक आहे! गाठ दिसत नाही." डॉक्टरांनी पोटरी उजेडाकडे वळवली. "मग हे निळे डाग कसले? मुका मार आहे हा. पडलात का, अक्का?"

रक्षिता पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागली.

"धुण्याच्या दगडावर आपटला," सोयराबाई म्हणाल्या. "ही बिचारी रोज चेपते, म्हणून तरी चालतेय."

"आता चेपायचं नाही. मुळीच नाही."

ऑटोने दोघी घरी आल्या.

संध्याकाळी दिवा लागला. रक्षिता सवयीने पायाशी बसली, पण हात मांडीवरून उचलवेनात.

"आत्याबाई, तो दगड..."

"दगडच तो. त्याला काय बोलायचं?" म्हातारीने पाय पुढे केला. "चेपू नकोस. नुसता हात ठेव."

रक्षिताने हात टेकवला. पाय चटकन आखडला.

म्हातारीने तो हळूहळू पुन्हा सरळ केला.