सतरा नंबरची पिशवी

इम्केचा हात मनगटापर्यंत काळ्या पिशवीत होता आणि डोळे घट्ट मिटलेले. पिशवीत एकच हाड. ते नुसते चाचपून सांगायचे: बरगडी वरची, मधली की खालची, आणि डावी की उजवी. हाड बाहेर काढायचे नाही. हा नियम समोर बसलेल्या डॉ. रोझविता ओल्मान यांनीच घातला होता आणि एकोणीस वर्षांत तो कुणी मोडला नव्हता.

पाच पिशव्यांत एक चूक माफ. इम्केने ती पहिल्याच पिशवीला करून टाकली होती. ही पाचवी. त्यात परीक्षेची ही तिसरी खेप. तीनदा नापास झालेल्याला देशातले कुठलेही वैद्यकीय महाविद्यालय पुन्हा दारात उभे करत नाही.

"घाई नाही," ओल्मानबाई म्हणाल्या. त्यांनी कपात खडीसाखरेचा खडा टाकला आणि वरून कढत चहा ओतला. खडा तडकला तशी इम्के दचकली. दरवर्षी कुणी ना कुणी दचके. बाईंना ते आवडत असे.

"मधली," इम्के म्हणाली.

"आणि बाजू?"

"उजवी."

बाईंनी यादीवर बोट ठेवले. सतरा: मधली, डावी. ही यादी त्यांनी नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात स्वतःच्या हाताने केली होती. तेव्हापासून चार प्राध्यापक आले नि गेले, बाईंना बढती काही मिळाली नाही. पण या खोलीत त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि तेवढ्यावर त्यांनी आयुष्य काढले होते.

"नीट चाचपा. खाच कुठं लागतेय?"

"आतून, खालच्या कडेला. गोल टोक मागं, कण्याकडं." इम्केने बोटे पुन्हा एकदा कडेवरून फिरवली. "उजवीच आहे, डॉक्टरबाई."

"वाईट वाटतं हो मला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले. वाईट त्यांना मुळीच वाटत नव्हते.

इम्केने डोळे उघडले, हाड पिशवीतून खसकन बाहेर ओढले आणि उभी राहिली. बरगडी तिने स्वतःच्या लोकरी स्वेटरवर उजव्या कुशीला धरली. गोल टोक पाठीकडे, खाच खाली. हाडाचा बाक तिच्या अंगाभोवती बरोबर बसला. मग तिने तीच बरगडी डावीकडे धरली. बाक उलटा झाला, टोक हवेत गेले.

"करा मला नापास. पण आधी बघून तरी घ्या."

बाईंनी बघितले. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्या जे शिकवत, तेच ती पोरगी त्यांना दाखवत होती.

"बसा," त्या म्हणाल्या. मग कागदावर लिहून त्यांनी तो पुढे सरकवला. "पास आहात. निघा."

"म्हणजे बाजू..."

"म्हणजे पास. जाताना दार लावून घ्या."

दार लागल्यावर बाईंनी अठरा नंबरची पिशवी उघडली. आतली बरगडी डावी, यादीत उजवी. उतरवून घेताना दोन ओळी खालीवर झाल्या होत्या. पुढे पिशव्यांत डोकावायची त्यांना कधी गरज वाटली नाही. यादी होती ना!

त्यांनी कपाटातले जुने गुणपत्रकांचे गठ्ठे काढले. सतरा आणि अठरा कितीतरी जणांच्या वाट्याला आल्या होत्या. बहुतेकांची ती एक माफीतली चूक धरली गेली, आणि कुणी हूं की चूं केले नाही. ओल्मानबाईंशी वाद कोण घालणार? दोघे नापास झाले, पण पुढच्या खेपेला पास होऊन गेले. आणखी एक नाव होते. ते शोधावे लागले नाही. हेनिंग टॉम्स, तिसरी खेप, चौदा वर्षांपूर्वी. "उजवीच आहे," असे तो तीनदा म्हणाला होता. बाई म्हणाल्या होत्या, "यादी खोटं बोलत नाही, टॉम्स."

हेनिंग आता शववाहिका चालवत असे. देहदान केलेल्यांना दर गुरुवारी संस्थेत पोचवायचे काम त्याच्याकडे होते. दरवर्षी ऑक्टोबरात बाई नव्या वर्गाला सांगत, "बरगडीची बाजू कळली नाही, तर गाडी चालवावी लागते. गुरुवारी येतो त्याला विचारा." वर्ग हसे. एकदा तो स्ट्रेचर ढकलत नेमका दारापाशी आला होता. तोही हसला होता.

आज गुरुवार होता. तीन वाजता खालची घंटा वाजली. बाई सतरा नंबरची पिशवी घेऊन जिना उतरल्या. लाजेने त्यांचे कान तापले होते.

"मॉइन, डॉक्टरबाई. आज एकच आजोबा आहेत. शाळामास्तर होते म्हणे, सांभाळून वागा." नेहमीचे अभिवादन करत हेनिंगने कागद पुढे केला.

बाईंनी पिशवी पुढे केली. "हात घाला."

"आता या वयात परीक्षा घेताय होय माझी?" हसत हसत त्याने हातमोजा काढला आणि हात आत घातला. मग त्याचे हसू हळूहळू विझले.

"मधली," तो म्हणाला. "उजवी." हात अजून आतच होता. "तेव्हाही उजवीच होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला हाड माहीत होतं. यादी तुमच्याकडं होती."

"मी पत्र लिहिते. वर कळवते. मी स्वतः..."

"चाळिशी उलटली माझी, बाई. पोरगी सहावीत गेली. कुणाला कळवणार आणि काय?" त्याने हात बाहेर काढला आणि पिशवीची नाडी व्यवस्थित बांधून ती परत दिली. "सही तेवढी करा. पुढं अजून एक ठिकाण आहे."

बाईंनी सही केली. हेनिंगने कागद उजेडात धरला.

"ओळ चुकली. ही नातेवाइकांची जागा."

त्याने कागदाचे चार तुकडे केले, खिशात कोंबले आणि गाडीच्या कप्प्यातून नवा काढला.

"असू द्या," तो म्हणाला. "माझ्याकडं दुसरा कागद असतो."