उंबऱ्याखालची शंकरपाळी

खरं तर बोलून बसल्या त्या आत्याबाईच. माझे यजमान कृष्णराज जेवताना मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघत होते. दोन रुपयांचं जुनं नाणं, त्यावर सालाच्या खाली तिरप्या चौकोनाची बारीक खूण, ती खूण म्हणजे गुप्त चिन्ह आणि किंमत म्हणे नऊ लाख. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई द्वारकाबाई, शेजारीच भाकरी कुस्करत होत्या. डोकावून म्हणाल्या, "आरं, असली शंकरपाळी तर आपल्या उंबऱ्याखालच्या नाण्यावर बी हाय."

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

हे नाणं कुठलं ते सांगायला हवं. त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूर झोपेतच गाडलं गेलं. आत्याबाईंची लहानगी लेक त्यात गेली. पुढं नव्या गावठाणात घर मिळालं, पण या बाई छताखाली झोपायला तयार होईनात. दोन पावसाळे त्यांनी ताडपत्रीखाली काढले. शेवटी मामंजींनी घरापुढं स्वतःच्या हातानं एक खोली बांधली, चौकट बसवताना उंबऱ्याखाली कोरं करकरीत नाणं ठेवलं आणि म्हणाले, ही पडायची नाही, माझा शब्द आहे. तेव्हापासून आत्याबाई आत झोपायला लागल्या. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या त्याच खोलीत झोपत होत्या.

आणि आमच्या घरधन्याला तोच उंबरा उचकटायचा होता. लग्न होऊन आल्यापासून मी ह्यांच्या नाना खुळांना हसत आले, पण या वेळी मला हसू येईना. ती शंकरपाळी म्हणजे नाणं मुंबईच्या टाकसाळीत पडल्याची खूण, अशी नाणी ढिगानं निघाली, हे मी मोबाइलवरच शोधून त्यांना दाखवलं. ते म्हणाले, सरकार खरं कशाला सांगेल? ह्यांना आवरावं म्हणून मी भावकीच्या कानावर घातलं, तर चुलत दीर पहार घेऊनच हजर झाले.

आत्याबाई एकदाच म्हणाल्या, "नगं हात लावू त्येला, कृष्णा."

"आय, तुझ्यासाठीच करतोय की. नऊ लाखांत तुला लोखंड घालून पक्कं घर बांधतो. मग भ्यायचं कामच न्हाय."

ते मनापासून बोलत होते, हेच तर वाईट. लेक इतक्या उमेदीनं सांगतोय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच दारातलं सामान बाजूला सारलं.

सकाळी छन्नी-हातोडा सुरू झाला. घाव बसला की आत्याबाईंचा हात आपोआप भिंतीकडं जायचा. मला ते बघवत नव्हतं, आणि तिथून उठवतही नव्हतं. दुपारी उंबरा निघाला, चौकटीवरच्या भिंतीला एक चीर गेली आणि काळवंडलेलं नाणं हाती आलं. चिंचेनं घासल्यावर शंकरपाळी लख्ख दिसली. ह्यांनी लगेच व्हिडिओतल्या नंबरावर फोटो पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, आता ही खूण चालत नाही, टिंबाची असेल तर दाखवा.

हे खड्ड्यापाशीच नाणं मुठीत धरून बसले. मला त्यांना चांगले चार शब्द सुनावायचे होते, पण त्यांचं तोंड बघून मी घमेलंच आणून दिलं. मग त्यांनी उठून सिमेंट कालवलं, नाणं होतं तिथं ठेवलं आणि उंबरा पुन्हा बसवला. आत्याबाईंनी लेकाच्या समाधानासाठी त्यावर हळदकुंकूही वाहिलं.

"बग आय, हुतं तसं केलं," हे म्हणाले.

"व्हय रं. पन पडायची न्हाय म्हणून सांगनारा कुटं हाय आता?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दिवेलागणीला त्यांनी वाकळ काखेत मारली आणि अंगणात जाऊन पडल्या. पौषाची थंडी, त्यात सत्तरी उलटलेली. ह्यांनी पाय धरले, मी विनवण्या केल्या. त्या उलट आमचीच समजूत घालत राहिल्या, मला इथं बरं वाटतं, तुम्ही निवांत झोपा. त्यांच्या अंगावर दोन चादरी टाकून मी आत आले. आता दार लावून घ्यावं की उघडं ठेवावं, तेच मला कळेना.